सहा बटणांचा फ्रॉक

चंद्रहास राऊत हा माणूस मुळात वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर ते कोणाला पटायचं नाही. आगाशीतल्या वाडीवाल्यांच्या घरातला, तीन भावांतला मधला. बाकीचे दोघं केळी-नारळात रमले, ह्याचा हात मात्र चित्रात. घरच्यांनी हौसेने मुंबईला पाठवला, कमर्शिअल आर्टचा डिप्लोमा करवला. मग ह्याने जाहिरात कंपन्यांचे उंबरे झिजवले, आणि शेवटी येऊन टेकला कुठे, तर गासच्या वाटेवरच्या एका बटणांच्या कारखान्यात. तिथे तो बटणांच्या पत्त्यांची डिझाइनं करायचा.

पत्ता म्हणजे ज्या पुठ्ठ्यावर बटणं शिवून दुकानात टांगतात तो. आपण बटणं काढून घेतो आणि पुठ्ठा केरात टाकतो. त्याच्यावर चित्र होतं की नव्हतं, हे तुम्ही शपथेवर सांगू शकाल? नाहीच सांगता येणार. पण त्या पुठ्ठ्यापायी चंद्रहास चार-चार दिवस झुरायचा. टिचबटनांच्या पत्त्याला निळा कुठला घ्यावा, हुकांच्या पत्त्यावर अक्षर केवढं असावं, शर्टाची डझनभर बटणं तीन रांगांत बसवावीत की चार. अकरा वर्षं त्याने हेच केलं. रविवारी आगाशीच्या बाजारात गेला की कटलरीच्या दुकानापुढे उगाच रेंगाळायचा. आत त्याचे पत्ते आकड्यांवर लटकलेले असायचे. बायका यायच्या, ब्लाउजपीस पुढे धरून रंग जुळवायच्या, आणि चित्राकडे ढुंकूनसुद्धा बघायच्या नाहीत. तरी तो खुशीत घरी यायचा. अख्ख्या वसई तालुक्यात हे काम येणारा मी एकटा, ह्या एका गोष्टीवर त्याचं चाललं होतं.

कारखान्याचा मालक व्हॅलेरियन, नंदाखालचा. मनाने मोकळा, पण कोणाचं कौतुक करायचं झालं तर हात आखडता घेणारा. अकरा वर्षांत चंद्रहासच्या कामाला त्याने एकच शब्द वापरला, तो म्हणजे 'चालेल'. बटणं कारखान्यात तयार व्हायची, पण ती पत्त्यावर शिवायचं काम घरोघरी जायचं. नंदाखाल, गास, आगाशी मिळून चाळीसेक बायका होत्या. चंद्रहासची बायको सावित्री हीसुद्धा त्यातलीच, दुपारची जेवणं आटपली की ओटीवर पिशवी घेऊन बसायची. ह्या सगळ्या जणींना पिशव्या पोचवायच्या आणि तयार माल आणायचा, ही कामगिरी हिल्डाकडे होती.

हिल्डा व्हॅलेरियनच्याच गावातली. सातवी शिकलेली, नवरा आखातात, पदरात बेला नावाची सहा वर्षांची पोर. लुनाला दोन्हीकडे पिशव्या लटकवून ती गावोगाव फिरायची. चंद्रहासला 'सर' म्हणायची आणि त्याच्या टेबलापाशी आली की चप्पल बाहेर काढायची. असं अदबीने वागणारं माणूस कोणाला आवडणार नाही? चंद्रहासलाही ती आवडायची. म्हणजे शहाण्णव सालच्या जुलैपर्यंत तरी आवडायची.

त्या जुलैत काय झालं, तर हिल्डाने बेलासाठी फ्रॉक शिवला. त्याला खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी पट्टी, आणि पट्टीवर सहा जाडजूड फुलाची बटणं. पोरीने हट्ट धरला की असाच फ्रॉक कागदावर काढून दे. हिल्डाने पिशवीतला एक वाया गेलेला पत्ता उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने फ्रॉक काढला आणि उरलेली सहा बटणं शिवली. कुठे शिवली? त्या फ्रॉकच्याच पट्टीवर. म्हणजे पुठ्ठ्यावर चित्र, आणि चित्राची बटणं खरी. हे व्हॅलेरियनच्या नजरेस पडलं. त्याने तिच्याकडून असे दहा पत्ते करून घेतले आणि आगाशीच्या त्या कटलरीवाल्याच्या गल्ल्यावरच्या काचपेटीत ठेवायला दिले.

तीन दिवसांत दहाच्या दहा पत्ते गेले. चंद्रहास नेमका रविवारी तिथे उभा होता. एक छोटी मुलगी आईचा पदर ओढत होती, तिला फ्रॉकवालाच पत्ता हवा होता. आई म्हणत होती की अगं आपल्याला पांढरी शर्टबटणं घ्यायचीत, पण पोरगी ऐकेना. शेवटी घेतला. आणि ह्याचे पत्ते मागे आकड्यांवर धूळ खात लटकलेले. चंद्रहासच्या पोटात असं दुखायला लागलं की तो मासळी आणायला आला होता हेच विसरला आणि तसाच घरी परतला.

सोमवारी व्हॅलेरियनने त्याला बोलावलं. टेबलावर हिल्डाचा पत्ता ठेवलेला होता. व्हॅलेरियन तो दोन्ही हातांत धरून बघत होता आणि म्हणाला, "सुंदर आहे. काय डोकं आहे बघ बाईचं."

सुंदर! अकरा वर्षं 'चालेल'वर दिवस काढणाऱ्याच्या कानात हा शब्द पडला. चंद्रहासच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. फ्रॉकची एक बाही मोठी, एक छोटी, गळा वाकडा, रंग रेषेबाहेर गेलेला. आणि हे सुंदर? पण खरी चीड त्या वाकडेपणाची नव्हती. खरी चीड ही होती की ते सुंदर होतंच. अकरा वर्षं ह्याने बटणं रांगेत लावली आणि चित्र कोपऱ्यात काढलं. बटण चित्रातच बसवावं, हे ह्याला एकदाही सुचलं नाही. सातवी शिकलेल्या बाईला पोरीच्या हट्टापायी सुचलं. हे त्याला गिळता येईना आणि ओकताही येईना.

हिल्डाचं चित्र नीट काढून छपाईचं आर्टवर्क करायचं, पंधरा हजार पत्ते छापायचे, गणपती-दिवाळीच्या शिलाईच्या दिवसांत माल मुंबईच्या दुकानांत पोचला पाहिजे, असं ठरलं. चंद्रहास तो पत्ता घेऊन आपल्या टेबलापाशी आला. त्याचा एक रिवाज होता. कुठलाही नवा पत्ता आधी भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा आणि लांब उभं राहून बघायचा. कारण पत्ता मांडीवर चांगला दिसतो, टेबलावर दिसतो, पण त्याला जगायचं असतं लटकून. हिल्डाला हे कुठून माहीत असणार? तिने पत्ते मांडीवर शिवले आणि काचपेटीत ते आडवे पडूनच विकले गेले.

त्याने टांगला, आणि पत्ता हळूच फिरून वाकडा झाला. जड बटणं तिरक्या पट्टीत, त्यांतली बरीचशी एका बाजूला, आणि टांगायचं भोक चंद्रहासच्या जुन्या पत्त्यांसारखं बरोब्बर मधोमध. फ्रॉक असा कलला की घसरून पडतोय असं वाटावं. उपाय सोपा होता. भोक एक बोटभर बाजूला सरकवलं की झालं. चंद्रहासला ते तिथल्या तिथे दिसलं. त्याने दाराकडे बघितलं, कोणी नव्हतं. पत्ता खिळ्यावरून काढला आणि टेबलावर पालथा ठेवला.

चार दिवस राबून त्याने आर्टवर्क केलं. बाह्या सारख्या केल्या, गळ्याला नाजूक झालर दिली, रंग झकास भरले. कामात चोरी त्याच्या रक्तात नव्हती. फक्त भोकाची खूण केली ती मधोमध. नमुन्यात तिथेच आहे ना, मग मी बदलणारा कोण, असं मनाशी म्हणाला. व्हॅलेरियनने आर्टवर्क बघून सरळ विचारलं की तुला ह्यात काही सुचवायचं आहे का. चंद्रहास म्हणाला, "नाही. बाईंनी केलंय तेच बरोबर आहे." बघा, बोलणं किती गोड! आणि पोटात काय, तर एकदा तोंडघशी पडू दे, मग कळेल ह्यांना डिप्लोमा कशाला लागतो ते.

ऑक्टोबर उजाडला आणि माल परत यायला लागला. दुकानदारांची तक्रार एकच. पत्ते वाकडे लटकतात, एकाचा कोपरा दुसऱ्याच्या तोंडावर येतो, चित्र दिसतच नाही. व्हॅलेरियनच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याने हिल्डाला बोलावलं, चंद्रहासलाही बोलावलं, आणि म्हणाला की दोघं मिळून शोधा, कशाने होतंय. चंद्रहासला वाटलं, हीच वेळ, सांगून टाकावं. पण हिल्डाचा चेहरा पांढरा पडलेला बघून त्याला असं काही बरं वाटलं की विचारू नका. आणि तो पटकन बोलून गेला, "शिलाई बघायला हवी. मागची गाठ ओढत असेल."

हे त्याने का म्हटलं, ते त्यालाही पुढे कधी नीट सांगता आलं नाही. शब्द गेला तो गेला. हिल्डाने मान डोलावली आणि परत आलेल्या मालाचे खोके लुनावर बांधले.

पुढचे बारा दिवस चाळीस घरांत उसवणं चाललं होतं. पुठ्ठा फाटू न देता दोरा कापायचा, बटण सोडवायचं, पुन्हा शिवायचं, आणि गाठ मधोमध आणायची. आगाशीच्या ओटीवर सावित्रीही तेच करत होती. चंद्रहास येता-जाता बघायचा आणि आत जाऊन वर्तमानपत्र उघडून बसायचा. एकदा तिने बोटाला चिंधी बांधलेली बघून त्याने विचारलं की काय झालं. ती म्हणाली की पुठ्ठा जाड आहे, सुई मागे सरकते, दुसरं काय होणार.

तेराव्या दिवशी दुपारी हिल्डा वाडीत आली. चंद्रहास त्या दिवशी घरीच होता. ती ओटीच्या पायरीवर टेकली, सावित्रीने पाणी दिलं. हिल्डाने पिशवीतून एक पत्ता काढून छताच्या आकड्याला अडकवला. वाकडाच. म्हणाली, गाठ मधोमध घेतली तरी वाकडा, वर घेतली तरी वाकडा, आता दोरा बदलून तिसऱ्यांदा उसवायचं ठरवलंय, तेवढ्यासाठी सावित्रीवहिनींना विचारायला आले. सावित्री हळूच म्हणाली की अगं, चित्रातच काही खोट नसेल ना. हिल्डाने लगेच मान हलवली.

"छे हो. सरांनी बघितलंय ना ते. चित्रात खोट असती तर सर मला बोलले नसते का?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर चंद्रहासला सोपं गेलं असतं, फणकारून काहीतरी उत्तर देता आलं असतं. पण तिला खरंच तसं वाटत होतं. चाळीस बायका बारा दिवस बोटं टोचून घेत होत्या त्या ह्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून. आणि सावित्री आता नवऱ्याकडे बघत होती. तिने अकरा वर्षं त्याला पत्ते टांगून बघताना पाहिलं होतं, घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या खुंटीलासुद्धा.

चंद्रहास उठला, आतून पंच घेऊन आला. आकड्यावरचा पत्ता काढला, जुन्या भोकाच्या बाजूला बोटभर अंतरावर नवं भोक पाडलं आणि पत्ता परत टांगला. फ्रॉक सरळ उभा राहिला.

हिल्डा पत्त्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं की एवढंच होतं का. तो म्हणाला, एवढंच.

"तुम्हाला आत्ता दिसलं, सर?"

'हो' म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं असतं तर ती नाचत कारखान्यात गेली असती, सरांनी एका भोकात काम केलं म्हणून चाळीस घरांत सांगितलं असतं, आणि व्हॅलेरियनच्या तोंडून तो 'सुंदर' शब्दही कदाचित निघाला असता. चंद्रहासला हे सगळं दिसलं. तोंड उघडलं तेव्हा तो तेच म्हणणार होता.

"नाही," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"हा फ्रॉक मला सुचला नाही म्हणून."

सावित्रीने पदराला हात पुसले आणि ती आत निघून गेली. हिल्डाच्या उजव्या हाताची तीन बोटं पट्ट्यांनी गुंडाळलेली होती, ती तिने दुसऱ्या हातात धरली होती. चंद्रहासला वाटलं, ही रडेल, नाहीतर शिव्या देईल, नाहीतर व्हॅलेरियनला सांगेन म्हणेल. तिने ह्यातलं काहीच केलं नाही. घरच्या बोलीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि उठली.

"पंच द्या," ती म्हणाली. 'सर' म्हणाली नाही. "नंदाखालला बायका उसवायला बसल्यात. त्यांना थांबवायला हवं."

त्याने पंच दिला. ती गेली. लुनाचा आवाज वाडीच्या वळणापर्यंत ऐकू येत होता, मग बंद झाला. आतून भांड्यांचा आवाज येत होता, त्याला कोणी हाक मारत नव्हतं.

चंद्रहास ओटीवरच बसून राहिला. लाज वाटत होती त्याला, नाही कोण म्हणतो? शरमेने कान तापले होते. पण समोर तो फ्रॉक सरळ लटकत होता, त्याची सहा बटणं उन्हात चमकत होती, आणि सगळ्या लाजेच्या खाली, देवाशपथ सांगतो, त्याला अजूनही तेच वाटत होतं. हा माझा असायला हवा होता.