‘दूद’च्या मागे: पोफळी, भाट्ये, केळशी

ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात मला रत्नागिरीला पाठवलं ते एका लाल पेन्सिलीनं.

मी तेव्हा पुण्यात भाषाशास्त्र शिकत होते आणि निबंध लिहीत होते इलिरियन भाषेवर. ही भाषा फार पूर्वी एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर बोलत. आता तिचं एक धड वाक्यसुद्धा शिल्लक नाही. उरली ती गावांची, नद्यांची, माणसांची नावं, तीही ग्रीक-रोमन लोकांनी आपल्या कानाला जशी वाटली तशी उतरवलेली. त्या नावांवरून अभ्यासक सांगतात की मूळच्या भ, ध, घ यांतला ‘ह’ या लोकांनी सोडला आणि मागे ब, द, ग राहिले. तिथल्या एका राजाच्या नावाची सुरुवात ‘बार्द’ अशी आहे. ती ‘उजळ’ अर्थाच्या धातूवरून आली असावी असा एक तर्क आहे. संस्कृतात तोच धातू भ्राज्, भ शाबूत.

हे वाचलं आणि मला आमचं घर आठवलं. आम्हीही दुधाला ‘दूद’ म्हणतो, जिभेला ‘जीब’. मी तुलनेचा तक्ता केला: पुण्यात दूध, कोकणात दूद. सरांनी वही परत दिली तेव्हा ‘दूद’ लाल पेन्सिलीनं खोडून वर ‘दूध’ लिहिलेलं. म्हणजे पुण्यात दूध, कोकणातही दूध. तक्त्याची पार वाट लावलेली!

“सर, तेच तर उदाहरण होतं,” मी म्हटलं.

“अहो, कोकणातली माणसं आळसानं ह गिळतात. त्याला अशुद्ध उच्चार म्हणतात.”

“आणि इलिरियन लोकांनी गिळला तर?”

“तो ध्वनिनियम. नियम सरसकट लागतो, मनाला येईल तसा नाही. तुमच्याकडे नियम असेल तर सोमवारपर्यंत दाखवा. नाहीतर सोमवारी वर्गापुढे तुमचा निबंध सुधाताई वाचतील. त्यांची वाणी स्वच्छ आहे.”

सुधा माझ्या वर्गातली, बिचारी गरीब गाय. तिच्यावर माझा राग नव्हता. पण माझा निबंध दुसरीच्या तोंडून? डोकंच फिरलं माझं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीत बसले.

तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. कऱ्हाडमार्गे कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूणला गाडी बदलायची. तुम्ही आजही याच वाटेनं जाणार असाल तर खिडकी पकडा आणि घाटाआधी पोटभर खाऊ नका. मी कऱ्हाडला मिसळ खाल्ली आणि अर्धा घाट डोळे मिटून काढला.

घाट उतरल्यावर कंडक्टर ओरडला, “पोपळी, पोपळीवाले उतरा!” मी डोळे उघडले. पाटीवर ‘पोफळी’. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. वीज प्रकल्पाच्या कॉलनीत मला तरी एकही पोफळ दिसली नाही, चाळीवजा क्वार्टर्स आणि तारा तेवढ्या दिसल्या. झाड दिसेना, पण नाव होतं, आणि त्यातला ह कंडक्टरनं माझ्यासमोर सोडला होता. मी वहीत पहिली नोंद केली.

रत्नागिरीत आत्याकडे उतरले. मी तिथेच वाढले. कुळथाचं पिठलं, भात आणि वर आत्याची बोलणी. “दूद म्हणायला एवडं शिकवलं तुला?” ती म्हणाली. मी तिच्याकडून वीस शब्द काढून घेतले. शब्द विचारायचे नाहीत, वस्तू दाखवायची किंवा कोडं घालायचं, ही माझी युक्ती. आंधळा झाला ‘आंदळा’, वाघ झाला ‘वाग’. पण भात, धार, घर? अगदी खणखणीत! ह जात होता तो शब्दाच्या मध्यात नाहीतर शेवटी. सुरुवातीचा जागचा हलत नव्हता. हा आळस असेल तर फारच शिस्तीचा म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी खाडी ओलांडून भाट्याला गेले. सुरूची सावली, लांबलचक वाळू. जायचं तर सकाळीच जा, दुपारी पाय भाजतात. एक मावशी जाळ्यावर सुकट पसरत होती. मला धाकधूक होती, हिनं गावाचा भ सोडला तर माझा नियम बुडाला. मी मुद्दाम म्हटलं, “मावशी, हे बाट्येच ना?”

तिनं माझ्याकडे वर-खाली बघितलं. “बाट्ये? बाट आंब्यात असते, गो. चोकून टाकतात ती. हा गाव भाट्ये. आमी काय कोयीत ऱ्हातो?”

मी वाळूतच बसले आणि पोट धरून हसले. आंब्याच्या कोयीला आमच्याकडे बाठ म्हणतात. मावशीनं बाठेचा ह सोडून ‘बाट’ केली होती आणि त्याच दमात भाट्याचा भ घट्ट धरला होता. तिनं मला मूठभर सुकट बांधून दिली, वर म्हणाली, “पुण्यात शिकतेस ना? मग गावाचं नाव नीट घे.”

राहिली केळशी. आत्याचे यजमान बोटीवर होते. त्यांचे जोडीदार कासमचाचा केळशीला राहत, आणि माझ्या ओळखीत इलिरियन किनाऱ्यावर पाय ठेवलेला हा एकच माणूस. रत्नागिरीहून केळशी म्हणजे दिवस मोडतो. खेड, दापोली, पुढे धूळ. उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ विचारून ठेवा. मी विचारली नाही आणि मुक्कामच पडला.

चाचींनी घावन आणि नारळाचा रस वाढला. चाचा ओट्यावरून शेजाऱ्याला हाक मारत होते, “ओ बाव!”

मी हातातलं घावन खाली ठेवलं. भाऊचा बाव! सुरुवातीचाच ह गेला. तीन दिवसांची मेहनत एका हाकेत पाण्यात.

“चाचा, तुम्ही भावाला बाव म्हणता?”

“ते गोवेकरांचं, गो,” चाचा हसले. “तीस वर्सं बोटीवर त्यांच्यात काढली. लागली सवय. ह्या घरात विचार बगू.”

चाचींनी आतूनच सांगितलं, “आमी भाऊच म्हणतो. ह्यांचं सगळं बोटीवरचं.”

जीव भांड्यात पडला. अपवाद होता, पण त्याला कारणही होतं. सुरुवातीचाही ह सोडणारे गोवेकर आणि इलिरियन एका होडीत, आम्ही शेजारच्या.

चाचा त्या इलिरियन किनाऱ्यावरच्या बार नावाच्या बंदरात उतरले होते. तिथून जवळच्या उल्त्सिन गावातल्या मशिदीत त्यांनी नमाज पढला होता. जुन्या पुस्तकांत त्या गावाचं नाव उल्किनियम. लांडग्यावरून पडलं असावं, असा अंदाज. “तितल्या लोकांना माजं नाव कदी जमलंच नाय,” चाचा म्हणाले. “कोण गासिम म्हणे, कोण काझिम. मी सगळ्यांना ओ दिली. पण कोणी नाव विचारलं तर माज्याच तोंडानं सांगितलं, कासम. आपलं नाव आपण दुसऱ्याच्या तोंडानं सांगायचं नाय.”

सोमवारी निबंध वाचायला मीच उभी राहिले. सुधा वाचायला पुढे आलीच नाही, उलट मला पाण्याचा पेला देऊन गेली. मी नियम मांडला, भाट्ये आणि बाट मांडली, बाव आणि त्याचं कारणही लपवलं नाही. “दूद” म्हटलं तेव्हा मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

सर म्हणाले, “नियम ठीक आहे. पण उच्चार शेवटी अशुद्धच.”

“सर, संस्कृत हस्त, प्राकृतात हत्थ. तुम्ही काय म्हणता?”

“हात.”

“आणि भुक्खा?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “भूक,” ते हळूच म्हणाले.

“मग थ आणि ख मधला ह कोणी गिळला, सर? माझ्या आत्यानं?”

सरांनी चष्मा घातला आणि म्हणाले, “वाचा पुढे.” मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. जिंकले, असं मला त्या संध्याकाळी वाटलं होतं.

काही महिन्यांनी विभागाच्या वार्षिकात निबंध छापून आला. मी उभ्याउभ्याच पान उघडलं. कोणी केलं देव जाणे, पण छापलं होतं: ‘पुण्यातील दूध या शब्दाचे कोकणात दूध होते.’ बाटेचीसुद्धा बाठ करून टाकली होती. ग्रीकांनी इलिरियन नावांचं काय केलं असेल ते मला त्या दिवशी पुस्तकाशिवाय कळलं.

आता मी रत्नागिरीतच राहते. आत्या गेली, चाचा गेले. त्या प्रवासातलं माझ्याकडे काय उरलं म्हणाल तर ती वही, आणि मनातला राग. तो मी जाऊ दिलेला नाही. भाट्याला कधी आलात तर गावाचं नाव नीट घ्या, आणि दुकानात जाऊन काहीही मागा, फक्त समोरच्याला सुधारू नका.

हे सगळं मी कॉम्प्युटरवर लिहितेय. दूद. जीब. वाग. आंदळा. बाट. प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ उमटतेय.

उमटू दे.