दूरच्या दीर्घिकेतला ठिपका
सर्वांनी उभं राहून ऐकावं: वडवणीहून आम्ही एकदा एका ताऱ्याचा मृत्यू जाहीर केला होता! इन्व्हर्टरच्या तापल्या बॅटरीचा वास आला की ती उन्हाळी दुपार आठवते. दूरच्या दीर्घिकांचे जुने-नवे फोटो ताडून मित्राचे आणि माझे डोळे महिनोन्‌महिने शिणले होते. अखेर एकीत नवा ठिपका दिसला. सुपरनोव्हा, म्हणजे मरत्या ताऱ्याचा स्फोट! “कळव की बे, दुसरं कुणी नाव लावील,” मित्र ओरडला. मी अशा शोधांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राला कळवून टाकलं. मग तासाभरानंतरचा फोटो उघडला, तर ठिपका सरकलेला. तारा तासाभरात सरकत नाही; तो वाटेत आलेला, आपल्याच सूर्याभोवती फिरणारा लघुग्रह होता. तारा मेलाच नव्हता. दोघं डोकी धरून बसलो. आताही फोटो ताडून थकलो की तेव्हा चहा घेऊन आलेल्या बायकोचं बोलणं ऐकू येतं, “कुणी मेलं न्हाई म्हणून सुतक पाळणारे तुमीच बघितले!”