भ्याड म्हणणारं गाणं

यंदाच्या हंगामात आईला पलूसहून साताऱ्याला घेऊन येत होतो. कराडच्या अलीकडे चहाला थांबलो, तेवढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर शेजारी येऊन उभा राहिला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, गाणं मात्र चालू ठेवलं. गाणं कानडी होतं, आणि दुसऱ्याच ओळीला मी ते ओळखलं.

"आई, हे आमचं गाणं," मी म्हणालो.

गोष्ट कॅसेटच्या काळातली. माझा बारावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. मला साताऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळण्याजोगे गुण होते. वडील मिलिटरीतून हवालदार होऊन परतलेले. त्यांच्या हिशेबात माझ्यापुढं दोनच वाटा होत्या, भरती नाहीतर ऊस. तरी त्यांनी एवढं म्हटलं होतं, "जायचं तर जा. पर हात हालवत परत आलास तर दुसऱ्या दिवशी भरतीच्या मैदानावर पळायचं." आमच्या घरात कॉलेजात कोणी गेलेलं नव्हतं. तिथं सगळं इंग्रजीतून शिकवतात असं ऐकलं होतं, आणि मला त्याची भीती बसली होती. वडील अडवत नव्हते. पाय माझाच उचलत नव्हता.

त्याच दिवसांत माझ्या वर्गमित्राच्या मामाची कोयनानगरहून बदली झाली. धरणाच्या वसाहतीतलं त्यांचं सामान आणायला मित्राचा थोरला भाऊ टेम्पो घेऊन निघाला आणि आम्ही दोघं हमाल म्हणून बरोबर गेलो. टेम्पो त्यानं अथणीकडच्या एका माणसाकडून जुना घेतलेला. त्याच्या टेपमध्ये एक कॅसेट अडकून बसली होती. ती निघत नसे, आणि आधीच्या मालकानं दोन्ही बाजूंना एकच गाणं भरलेलं असल्यानं फिरून फिरून तेच म्हणत असे. आम्हाला कानडीचं अक्षर कळत नव्हतं. पण धृपदाच्या शेवटी गाणारी बाई ठसक्यात "भ्याड" म्हणायची, तेवढं स्वच्छ कळायचं.

"कुणाला म्हनती रं ही?" मी विचारलं.

"तुला," मित्र म्हणाला. "टेम्पोत दुसरं हाय कोन भ्याड?"

मग दिवसभर तोच खेळ. पाटणच्या पुढं चढावर इंजिन तापलं की टेम्पो धापा टाकत मागं घसरायचा. मी मागच्या हौद्यात. उडी मारून चाकामागं दगड लावायचं काम माझं. पहिल्यांदा मी फळीवर पाय ठेवून खाली बघतच राहिलो, तेव्हा केबिनमधून दोघा भावांनी त्या बाईच्या सुरात सूर मिसळून म्हटलं, "भ्याड!" मी उडी मारली. दगड लावला. नंतरच्या चढांना कोणी सांगायची वाट बघितली नाही.

कोयनानगरला मामींनी जेवायला वाढलं. स्वयंपाकघरातल्या फळीला पुढून आडवी सुतळी बांधलेली होती. मी विचारलं, तर म्हणाल्या, "भूकंपाचं हो. अधनंमधनं हालतंय. सुतळी असली म्हंजे भांडी खाली येत न्हाईत."

"भ्या वाटत न्हाई?"

"वाटतंय की. म्हणून काय भांडी मांडायचीच न्हाईत?"

सुतळी सोडून भांडी पोत्यात भरायचं काम मलाच मिळालं. परतताना मी कपाटाला पाठ टेकून सामानात बसलो होतो. मित्र केबिनच्या खिडकीतून मान बाहेर काढून ओरडला, "मग, सातारला जानार का न्हाई?"

"इंग्रजीत शिकवत्यात रं."

"हितं कानडी गानं तोंडपाठ केलंस की दिवसात. तवा अर्थ इचारलास व्हय?"

मी हसलो, आणि जायचं ठरवलं. इंग्रजी कळेपर्यंत पाठ करायचं, असंही तिथंच ठरलं. पहिलं वर्ष मी खरोखर तसंच काढलं.

साताऱ्याला निघायच्या दिवशी सकाळी मी न्हाणीत मोठमोठ्यानं तेच गाणं म्हणत होतो. स्वतःला डिवचायला. आई बाहेर चुलीपुढं माझ्या शिदोरीच्या भाकरी थापत होती. मधेच थापायचा आवाज थांबला. मला वाटलं, भाकरी झाल्या.

हे सगळं चहा संपेपर्यंत आईला सांगितलं. ट्रॅक्टरवरच्या गाण्यातली बाई पुन्हा धृपदावर आली, तसा मीही तिच्याबरोबर म्हणालो, "भ्याड!"

"भ्याड न्हाई रं ते," आई म्हणाली. "ब्याड. होगब्याड. जाऊ नगंस म्हनती ती."

माझ्या आईचं माहेर जतच्या पलीकडं, सीमेला लागून. लहानपणी ती कानडीच बोलायची. आजी गेली, माहेर तुटलं, आणि आमच्या घरात तिच्याशी ती भाषा बोलायला कोणी उरलं नाही. तिला ती येते हे मला ऐकून माहीत होतं. पण ते गाणं म्हणताना एकदाही ते डोक्यात आलं नव्हतं.

"म्हंजे त्या दिवशी न्हाणीत मी..."

"जाऊ नगंस, जाऊ नगंस म्हनून वरडत हुतास. एक भाकरी करपली माझी." तिनं पदरानं ओठ पुसले. "मला आदी वाटलं, ह्याला जायचं न्हाई, अन् तोंडानं सांगता येईना म्हनून गानं म्हनतोय. उठून आत येनार हुते. ऱ्हा म्हननार हुते."

"मग आली का न्हाईस?"

"तू अंग पुसून भाईर आलास अन् पयलं बूट घातलंस. केस इंचरायच्या आदी बूट. म्हनलं, गान्याला काय कळतंय."

माझ्या पदवीसाठी मी आजवर वडिलांचे, गुरुजींचे, त्या मित्राचे आभार मानत आलो. चुलीपुढच्या त्या न उठण्याचे मानले नव्हते, कारण ते घडलंय हेच मला माहीत नव्हतं.

"आई, तुला वाटत हुतं का, मी जाऊ नये?"

"वाटायचं काय इचारतोस," ती म्हणाली आणि गाडीकडं चालू लागली. दार उघडून बसली. "चल. सातारला पोचायचंय. आन् गाडीत ते गानं लावू नगंस."

मी गाडी चालू केली. उंब्रज ओलांडल्यावर ती खिडकीकडं तोंड करून तेच गाणं हळू आवाजात म्हणत होती. शब्द सगळे बरोबर होते.