गिफ्ट म्हणून गेलेला ॲकॉर्डियन

मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. धरमपेठेतल्या एका कुरिअर कंपनीचा काउंटर. अलीकडे प्रकाश, त्याचा ढोलकवाला वासू आणि मी. पलीकडे एक बाई आणि त्यांचा कॉम्प्युटर. मध्ये एक खोका.

वेळ इतकी नेमकी सांगतेय, कारण पुढच्या काही महिन्यांत ती मला पाच कार्यालयांत सांगावी लागली. एरवी वाद्यवाल्यांच्या संगतीत किस्से शोधावे लागत नाहीत. दुरुस्तीच्या दुकानात तुटक्या तारा साठतात, तसे ते आपसूक साठतात. माझ्याकडे साठले ते सगळे परदेशी पार्सलांचे. बातमी म्हणून दिले तर संपादक म्हणतो, यात बातमी कुठाय? म्हणून इथे सांगते.

प्रकाश भीमगीतांचा संच चालवतो. खोक्यात होता त्याच्या वडिलांचा, सुखदेवकाकांचा ॲकॉर्डियन. काकांनी तो गळ्यात अडकवून चाळीस वर्षं विदर्भातली गावं पालथी घातली. आतल्या पोलादी पट्ट्या गंजल्या, कलकत्त्याच्या कारागिरानेही हात टेकले, म्हणून तो इटलीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे दुरुस्तीला निघाला होता. घाई होती. संधिवाताने काकांची बोटं महिन्या-महिन्याला वाकत चालली होती आणि येत्या जयंतीला, स्वतः चाल बांधलेल्या एका गाण्याला, त्यांना एकदा साथ करायची होती.

मी तिथे का? वासू म्हणाला होता, "ताई, तुम्ही सोबत असल्या की मानसं सरळ बोलतात." हा त्याचा गैरसमज.

बाईंनी विचारलं, कशासाठी पाठवताय? प्रकाश म्हणाला, दुरुस्तीला. कॉम्प्युटरवर तीनच पर्याय होते: विक्री, नमुना, भेट.

"गिफ्ट टाका ना सर," बाई म्हणाल्या. "गिफ्टले कोनी काही विचारत नाही."

मग किंमत. बाईंनी कमी लिहायचा सल्ला दिला. प्रकाशने काकांना फोन लावला. काकांनी जो आकडा सांगितला, तो ऐकून बाईंनी की-बोर्डवरचे हात उचलले.

"कमी काहून लिहू?" काका फोनवर म्हणाले. "उद्या हरवला तं लोक म्हनतील, सुखदेव खटारा वाजवत होता."

अशा रीतीने एका अनोळखी इटालियन माणसाला नागपूरकडून महागडी भेट गेली.

*

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. वासूचं प्रकरण माझ्यासमोर घडलं होतं.

वासूने चीनहून बिनतारी माईक मागवला. तो मुंबईच्या कस्टमच्या गोदामात अडकला. बिनतारी यंत्राला परवानगी लागते म्हणे! वासूने अर्ज केला की मी कुणाला संदेश पाठवत नाही, लग्नात ढोलक वाजवतो आणि माईक गाणाऱ्यासाठी आहे. उलट एक फॉर्म आला. त्यात रकाना होता: कोणती फ्रिक्वेन्सी वापरणार?

वासू हा सुरांचा माणूस. ढोलक चढवल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही. त्याने विचार करून लिहिलं: "काळी एक. बाई गात असतील तर काळी पाच."

माईक अजून गोदामात आहे.

*

इटलीचा कारागीर मात्र शब्दाचा पक्का निघाला. दोन महिन्यांत पट्ट्या बदलल्या, सूर लावले, व्हिडिओ पाठवला. काकांनी तो मोबाईल कानाशी धरून ऐकला, चित्र पाहिलंच नाही. मग म्हणाले, "डाव्या हाताचा तिसरा सूर अजून थोडा उतरला पाह्यजे." इटालियनने तोही उतरवून दिला.

ॲकॉर्डियन मुंबईत उतरला आणि प्रकाशला निरोप आला: नवीन, महागडं परदेशी वाद्य आलं आहे, पूर्ण ड्युटी भरा.

आम्ही माल सोडवून देणाऱ्या एजंटकडे गेलो. तिवारीजी. वर्धमाननगरात बसतात, टेबलावर तीन मोबाईल, तिन्ही वाजत असतात. प्रकाशने सगळं सांगितलं: वस्तू आमचीच, दुरुस्तीला गेली होती, ड्युटी लागलीच तर दुरुस्तीच्या खर्चावर लागावी. तिवारीजींनी जाताना भरलेला कागद पाहिला.

"लेकिन आपने तो गिफ्ट कर दिया था."

"तसं लिहिलं फक्त, जी."

"तो अब ये उनका हुआ. उन्होंने आपको भेजा. मतलब इम्पोर्ट."

वासू म्हणाला, मग त्या इटलीवाल्याने आम्हाला भेट दिली असं धरा. तिवारीजी म्हणाले, तब भी ड्युटी लगेगी. वासू दारात जाऊन सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत उभा राहिला. त्याला बोलायचं नसलं की तो हेच करतो.

*

मग मुंबईच्या कस्टमकडून पत्र: ही तीच जुनी वस्तू आहे, याचा पुरावा द्या. अनुक्रमांक कळवा.

अनुक्रमांकाची पट्टी उमरेडच्या एका कार्यक्रमात पडली, ती पडलीच. काकांनी ट्रंकेतून फोटो काढला. स्टेजवर काका, पोटावर ॲकॉर्डियन, भाता पूर्ण ताणलेला. आम्ही तो पाठवला. उत्तर आलं: फोटोतली वस्तू गोदामातल्या वस्तूपेक्षा लांब दिसते. बंद स्थितीतला अलीकडचा फोटो पाठवावा.

मी फोन लावला. म्हटलं, साहेब, वस्तू तुमच्याकडे आहे, फोटो आम्ही कसा काढणार?

"मॅडम, ते अर्जदाराने पाहायचं."

मी आवाज चढवला. माझं नाव, माझा पेपर, तीस वर्षांची बातमीदारी, सगळं सांगितलं. पलीकडच्या माणसाने शांतपणे लिहून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही अर्जदाराच्या कोण?"

नागपूरच्या कार्यालयात गेले तर म्हणाले, हे मुंबईचं. मुंबईला गेले तर म्हणाले, पत्ता नागपूरचा आहे. मी विचारलं, मधे कुठे उतरू?

*

अखेर तिवारीजींनी एक वाट काढली. एक पत्र टाईप करून आणलं. खाली प्रकाशची सही हवी होती. मजकूर साधा: सदर वस्तू जुनी, वापरलेली असून तिला कोणतंही व्यापारी मूल्य नाही. एवढ्याने बरीच ड्युटी सुटेल, असं ते म्हणाले.

मनीषनगरला प्रकाशच्या घरी बसलो होतो. काका दिवाणावर, हाताला गरम पाण्याची पिशवी. प्रकाशने पत्र दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

वासू चिडला. "कर ना बे सही. कोन वाचते? जयंती आली डोक्यावर, काकाचे बोटं पाह्य."

"ह्याच्यावर शिकलो मी," प्रकाश म्हणाला. "माझी फी ह्याच्यातून गेली, बहिनीचं लग्न ह्याच्यातून झालं. आन ह्याले काही मूल्य नाही असं मी लिहून देऊ?"

मीही त्याला समजावलं. ते फक्त कागदी वाक्य आहे, म्हटलं. तीस वर्षं कागदी वाक्यांशी भांडणारी मी हे म्हणत होते, याची नंतर लाज वाटली.

काकांनी हातावरची पिशवी बाजूला ठेवली. मग मला म्हणाले, "काय वं पोरी, तुह्या पेपरात खोटं छापलं तं तू सही करशीन?"

पत्र परत गेलं. गोदामाचं भाडं रोज चढत होतं. प्रकाशने मोटरसायकल विकली आणि नवीन वाद्यावरची पूर्ण ड्युटी भरली. त्या दिवसापासून तो सायकलने ऑफिसला जातो आणि विचारलं तर म्हणतो, पोट कमी करून राहिलो.

*

जयंतीच्या चार दिवस आधी, दुपारी, खोका मनीषनगरला आला. सोबत कागदांची जाड थैली. मी सवयीने आधी कागद वाचायला घेतले. त्यात तपासणीचा अहवाल होता, खाली दोन सह्या. मी मोठ्याने वाचला: "खोका उघडून वस्तूची प्रत्यक्ष पाहणी केली. वस्तू नवीन, न वापरलेली आढळली." तपासणीचं शुल्क वेगळं लावलं होतं, तेही भरलेलं होतं.

"नवीन म्हनते?" काका म्हणाले.

त्यांच्या ॲकॉर्डियनचा पट्टा घामाने काळा पडलेला आहे. पांढऱ्या पट्ट्यांवर बोटांनी खळगे पडलेत. एका कोपऱ्यावर काटोलच्या मंडपाचा बांबू पडून टवका उडालाय. आंधळ्याच्या हातात दिला तरी तो जुना म्हणेल.

वासू चाकू घेऊन पुढे झाला. काकांनी त्याचा हात धरला.

"थांब गा. आधी हे पाह्य."

खोक्याच्या झाकणावर, चारही बाजूंनी, इटालियनने चिकटवलेली कागदी पट्टी होती. जोडावर आडवी त्याची सही आणि पाठवल्याची तारीख. आम्ही चौघांनी आळीपाळीने वाकून पाहिलं. प्रकाशने बॅटरी लावली, मी चष्मा बदलला. पट्टी कुठेही कापलेली नव्हती, उचकटलेली नव्हती, पुन्हा चिकटवलेली नव्हती. खोक्याचा तळही अखंड होता.

काकांनी खोका खालून कापायला लावला. ॲकॉर्डियन मांडीवर घेतला, वाकड्या बोटांनी आपल्या गाण्याची पहिली ओळ वाजवली. दोन बोटं पोचली नाहीत, ते सूर प्रकाशने तोंडाने भरले. जयंतीलाही असंच वाजवलं, आणि लोकांनी ते गाणं दोनदा घ्यायला लावलं.

मी पट्टीचे फोटो लावून माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारला: दोन अधिकाऱ्यांनी उघडून पाहिलं ते काय? पहिलं उत्तर आलं, अर्ज संबंधित कार्यालयाकडे पाठवला आहे. दुसरं आलं, संबंधित कार्यालय कोणतं ते अर्जदाराने कळवावं. अपील केलं, त्याच्या उत्तराची मुदत गेल्या महिन्यात संपली.

रिकामा खोका प्रकाशच्या घरी आहे. पट्टी अजून अख्खी आहे.