दाजींचं चौथं चाक

माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या गाडीच्या चाकांकडे बघून त्याची कुंडली मांडणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो आमच्या अक्काच्या नशिबात होता. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला बघायला हे गृहस्थ आटपाडीहून साताऱ्याला आले तेव्हा फौजेत ट्रक चालवत होते, रजेवर आले होते, आणि आमच्या घरात पाऊल टाकण्याआधी अंगणात लावलेल्या वडिलांच्या सायकलपाशी थांबले. पुढच्या चाकाला बाक होता. आत पोहे निवत होते, आई दारातून डोकावत होती, अक्का साडी सावरून अवघडून बसली होती आणि नवरा मुलगा अंगणात मांडी घालून चाकाच्या तारा आवळत होता. चाक सरळ फिरायला लागल्यावर ते हात धुऊन आत आले आणि मुलीला एकही प्रश्न न विचारता म्हणाले, "मला पसंत हाय." सायकल पसंत होती की आपण, हे अक्का अजूनही विचारते. दाजी उत्तर देत नाहीत. वडिलांनी मात्र त्याच दिवशी होकार दिला, कारण त्या सायकलपुढे साताऱ्यातल्या तीन दुकानदारांनी हात टेकले होते.

फौजेतून सुटून दाजी आटपाडीला परतले. थोडी डाळिंबाची बाग लावली, एक पांढरी छोटी गाडी घेतली आणि उरलेलं आयुष्य लोकांच्या चाकांना नावं ठेवण्यात घालवायचं ठरवलं. त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा बैठक रंगात आलेली असताना दाजी हळूच उठले, बाहेर जाऊन पाहुण्यांच्या गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि भावाच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाले, "पोरगं बरं हाय, पर बापाच्या गाडीचं टायर एकीकडनंच झिजल्यात. घरात कोन तरी एकटाच वडतोय." लग्न मोडता मोडता राहिलं. पुतणी सुखात आहे, पण सासरी खरोखरच सगळं एकट्या सासूबाई ओढतात, असं तिनं नंतर सांगितलं. माझ्या गाडीच्या गंजलेल्या चाकांकडे पाहून ते दर वेळी एकच वाक्य बोलायचे, "पावणं, तुमी लवकर म्हातारं व्हनार." मी सांगलीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो आणि स्वभावानं जरा रडकाच आहे, त्यामुळे हे वाक्य मला कित्येक दिवस पुरायचं.

हे सगळं हसत हसत लिहायचं असं ठरवून बसलो होतो. पण दाजींची गोष्ट सांगायची तर डोळ्यांशी यावंच लागतं. दाजींना साखर होती आणि ती त्यांनी कधी मनावर घेतली नाही. दोन वर्षांपूर्वी सांगलीच्या डॉक्टरांनी यंत्रात डोकावून बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की डोळ्यांच्या मागचा पडदा खराब झालाय, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती हळूहळू कमी होत जाईल. "गाडी चालवणं आजपासून बंद," ते म्हणाले. मला वाटलं होतं दाजी वाद घालतील. निम्मं आयुष्य त्यांनी बर्फातून, दरडींच्या कडेनं ट्रक हाकले होते. पण ते उठले, डॉक्टरांना "जी साब" म्हणाले आणि दवाखान्याच्या फाटकात माझ्या हातावर किल्ली ठेवली. आटपाडीपर्यंत मीच गाडी नेली. वाटेत त्यांनी माझ्या गिअर टाकण्यातली एकही चूक काढली नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्यानंतर सहा महिने गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि दाजी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसून होते. अक्कानं फोन करून मला सांगितलं, "दत्ता, ह्यांचं काय खरं न्हाई. जेवत न्हाईत, बोलत न्हाईत. नुसतं बसत्यात." आणि मग एका सकाळी दाजींचाच फोन आला. आवाजात जान होती. म्हणाले, "पावणं, गाडी चालवायची न्हाई ना? ठीक हाय. मग निदान ती नीट हुबी तरी ऱ्हायला पायजे." त्यांचं म्हणणं असं की कंपनीतून येणारी प्रत्येक गाडी सावधानमध्ये येते, चाकं आत ओढलेली, अंग चोरलेलं. चाकं दोन बोटं बाहेर आली की गाडी विश्राममध्ये उभी राहते. इतकी वर्षं ती पळत होती म्हणून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आता उभीच राहायची आहे, तर बिचारीनं अवघडून का उभं राहावं?

चाक बाहेर यायला स्पेसर लागतो. स्पेसर म्हणजे चाक आणि त्याची बैठक यांच्या मध्ये बसवायची धातूची जाड चकती. दाजींना तयार स्पेसर चालणार नव्हते. शेजारच्या गवंड्याचा ओळंबा मागून आणून त्यांनी तो चाकावरच्या पत्र्याच्या कडेवरून खाली सोडला, चाक किती आत आहे ते बोटांनी चाचपून मोजलं आणि सांगलीच्या लेथवाल्याकडे चार चकत्यांची ऑर्डर दिली. त्या चकत्या पिशवीत घालून एसटीनं आटपाडीला नेण्याची आणि नापास झाल्या की परत आणण्याची जबाबदारी माझी. दोनदा नापास झाल्या. दाजी त्यांच्या कडेवरून अंगठा फिरवायचे आणि मान हलवायचे. तिसऱ्या वेळी लेथवाल्यानं मला विचारलं, "गिऱ्हाईक हाय तरी कोन?" मी म्हणालो, "डोळ्यांनी अधू आहेत." त्यानं ती चकती पुन्हा एकदा मशीनवर चढवली.

मग रंग. मूळ चाकं साधी लोखंडी, वर प्लास्टिकची टोपणं. टोपणं दाजींनी अक्काच्या कोंबड्यांना पाणी ठेवायला दिली. गंज पॉलिश पेपरनं घासून काढला, प्रायमर मारला आणि तोफेच्या नळीचा करडा रंग ठरवला. फवाऱ्याचा रंग टायरवर उडू नये म्हणून टायर आणि रिम यांच्या फटीत सगळीकडून जाड कागद खोचावे लागतात. त्यासाठी दाजींनी घरात साठलेल्या लग्नपत्रिका वापरल्या आणि त्या निमित्तानं पंचक्रोशीतल्या घराण्यांची नव्यानं प्रतवारी लावली. ज्या घरची पत्रिका जाड, ते घर खानदानी. एका बड्या बागाईतदाराबद्दल ते मला गंभीरपणे म्हणाले, "नुसता बडेजाव हाय पावणं. पत्रिका पार पातळ. रंग आत गेला." आटपाडीत दुपारी वारं सुटतं आणि ओल्या रंगावर धूळ बसते, म्हणून ते पहाटे उठून एकेक चाक रंगवायचे. अक्का म्हणाली, जेवणही वेळेवर व्हायला लागलं होतं.

चाकं बसल्यावर मला बोलावणं आलं. नवीन स्पेसर घातल्यावर गाडी थोडी पळवून नट पुन्हा आवळावे लागतात, आणि गाडी पळवायला हुकुमाप्रमाणे मीच. मी रविवारी पोचलो तर अक्का फाटकातच उभी होती. माझी पिशवी घेता घेता हळू आवाजात म्हणाली, "चौथ्या चाकाचं काय बोलू नगंस." मी शेडमध्ये गेलो. गाडी खरोखरच देखणी उभी होती, रुंद, निवांत. तीन चाकं तोफेच्या करड्या रंगाची होती. चौथं, मागचं उजवं चाक, भडक पोपटी होतं. ट्रकच्या मागच्या फळीवर पोपट काढतात, थेट त्या पोपटाचा रंग. करड्या रंगाचा डबा संपल्यावर दाजी एकटेच दुकानात जाऊन मांडणीवरचा दुसरा स्वतःच उचलून घेऊन आले होते. काम नेहमीसारखंच चोख होतं, कुठे ओघळ नाही, कुठे धूळ नाही. दाजी म्हणाले, "बगा आता." मी म्हणालो, "झकास."

भिवघाटापर्यंत मी गाडी चालवली. दाजी शेजारी तळहात दारावर ठेवून बसले होते, कुठे थरथर जाणवते का ते बघत. भिवघाटाला एका पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर थांबलो. दाजींनी पाना घेतला आणि हातानं चाचपत एकेक नट आवळायला सुरुवात केली. मला जवळ येऊ दिलं नाही. पंक्चरवाला चहा पीत बघत होता. दाजी चौथ्या चाकाशी आले तेव्हा त्यानं सहज विचारलं, "आवं बाबा, येकच चाक हिरवं कशापायी?" दाजींचा हात पान्यावर थांबला. मग त्यांनी तो नट पूर्ण आवळला, पुढचे तीनही आवळले, आणि उठून म्हणाले, "आवड हाय."

परत येताना त्यांनी पाना मांडीवरच धरला होता. मग म्हणाले, "तुमाला ठाव व्हतं."

"हो," मी म्हणालो.

"तुमच्या अक्काला बी असनार. रंग दिला त्या दिशी ती चौथ्या चाकाफुडं आली आन् गप हुबी ऱ्हायली. इतक्या वर्सांत माज्या कामाला नावं ठेवल्याबिगार ती कवा गेली न्हाई. तवाच कळलं, काय तरी चुकलंय."

"मग पुन्हा का नाही रंगवलंत?"

"रंगवायचं तर डबा कुनाकडनं तरी वाचून घ्याय लागला असता," दाजी म्हणाले.

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त माझी लाज वाटली, कारण "झकास" म्हणताना आपण मोठं मन दाखवतोय असं मला वाटलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा मागे पडत होत्या. आटपाडीच्या अलीकडे आल्यावर त्यांनी तोंड समोरच ठेवून विचारलं, "पावणं, हिरवा म्हंजी कसा हाय? आमच्या फौजेच्या गाड्यांचा असतो तसा हाय का?"

दाजींना इतकी वर्षं ओळखतो. त्यांनी कुणाला काही विचारल्याचं मी पाहिलं नव्हतं, रस्ता नाही, वेळ नाही. विचारलं ते हे पहिल्यांदा, आणि मला.

"तसाच आहे," मी म्हणालो. "अगदी तसाच."

"मग ऱ्हाऊ द्या," दाजी म्हणाले आणि त्यांनी सीटला मान टेकली.

ते चाक अजून तसंच आहे. त्यांच्या आळीतल्या सगळ्यांना मी रंगाबद्दल बजावून ठेवलंय, कोंबड्यांची अंडी न्यायला येणाऱ्या बाईलासुद्धा. आता दाजींना उजेड आणि अंधार एवढंच कळतं, म्हणून मी दर रविवारी जातो आणि त्यांना शेजारी बसवून भिवघाटापर्यंत फिरवून आणतो. बोलतात, हसतात, माझे गिअर चुकतात तेव्हा कपाळाला हात लावतात. खरा रंग त्यांना कुणी सांगितलेला नाही, निदान मला तरी तसं वाटतं. पण त्या दिवसानंतर दाजींनी मला पुन्हा काही विचारलेलं नाही.