तोमेझोचा झाडून काढलेला उतार

तोमेझोइतका टापटिपीचा माणूस त्या डोंगरात दुसरा नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना ऐकवायचा. गावात घरटी एक ओढा ठरलेला. उन्हाळ्याच्या तोंडाला सॅलमँडर, म्हणजे पालीसारखे दिसणारे बुळबुळीत जीव, अंडी घालायला ओढ्यात उतरले की सापळे लावायचे आणि सापडतील ते धुरीघरात सुकवायचे. बापाच्या वेळी तोमेझोच्या ओढ्यात सापळे भरून यायचे. आता जेमतेम चार-दोन.

"गेन्साकू चोरतो," तो छातीठोक सांगायचा. गेन्साकू म्हणजे शेजारच्या ओढ्याचा धनी, लहानपणचा दोस्त. भर पंगतीत त्याला चोर म्हटल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"अहो, तुम्ही पाहिलंत का चोरताना?" बायको किनू विचारायची.

"मग काय, पाण्यातला जीव डोंगर चढून गेला?"

दरवर्षी सापळे लावले की तो ओढ्यावरचा उतार साफ करायचा. पालापाचोळा झाडायचा, कुजके ओंडके धुरीसाठी घरी आणायचा. यंदा तेव्हा गुडघा धरला होता, म्हणून पानगळीत गेला. घरी आणून पहिल्याच ओंडक्यावर कुऱ्हाड घातली आणि ती तशीच खाली ठेवली. भुसभुशीत लाकडाच्या पोटात सॅलमँडर होते, एकमेकांना बिलगून. एकाचे दोन तुकडे झालेले.

"अगं बाई, हे इथं कसे?" किनू म्हणाली.

तोमेझो ओंडक्याशी वाकला. यांना फुप्फुसं नसतात, ओल्या कातडीनंच श्वास घेतात, हे बापानं शिकवलं होतं. पण वर्षभर ती ओल कुठे मिळते, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. ओढ्यात ते नुसते बाळंतपणाला यायचे. संसार सगळा वर रानात, कुजक्या लाकडात आणि पाचोळ्याखाली. उन्हाळ्यात ते खाली गेले, की हा वरचं रिकामं घर उचलून आणायचा आणि त्याच लाकडाची त्यांना धुरी द्यायचा. तेही वर्षानुवर्षं.

तसाच लंगडत तो गेन्साकूच्या दारात गेला आणि कमरेत वाकला. "तू चोर नाहीस. माझा ओढा मीच बुडवला," म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

गेन्साकूचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझा उतार कसा माजलाय, आळशी मेला, असं तू गावभर बोलायचास," तो म्हणाला. "लाज वाटली रे मला. या उन्हाळ्यात सगळा झाडून काढला. एक ओंडका ठेवला नाही."