एका मोहावरचे नऊ पक्षी

चोपड्याहून सकाळच्या एस.टी.नं सातपुड्याकडे निघालो, तेव्हा वही कोरी होती. पण जळगावच्या आमच्या पक्षीमित्रांना मी आधीच सांगून बसलो होतो, 'रविवारच्या बैठकीत नुसत्या आवाजावरून ओळखलेले पक्षी वाचून दाखवतो.' म्हणून दुर्बीणही नेली नाही. एवढा माझा रुबाब!

केळीच्या बागा संपल्या तिथं उतरलो आणि तासभर चढलो. दोनदा घसरलो, एकदा चप्पल तुटली. शेवटी फुललेल्या मोहाखाली टेकलो आणि लिहायला लागलो. कोतवाल. बुलबुल. दयाळ. शिंपी. अर्ध्या तासात आठ! मग शिकऱ्याची कर्कश हाक आली. नऊ!

मोहाची फुलं वेचणाऱ्या एक अक्का बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या.

"काय लिखी राहिनात, भाऊ?"

"पक्षी. आत्ता शिकरा बोलला, ऐकलात?"

"शिकरा ऱ्हाता ते ह्या चिड्या पळी जात्यात नै का?"

खरंच की! शेजारच्या चिमण्या निवांत होत्या.

"वर देखा," अक्का म्हणाल्या. "एकच पाखरू शे. बठ्ठासनी (सगळ्यांची) नक्कल करस."

पाच मिनिटं मान मोडून पाहिलं, तेव्हा फांदीवरच्या बांडगुळातलं एक पान हललं. हिरवंगार अंग, केशरी कपाळ, काळा गळा आणि त्यावर निळी झाक. पर्णपक्षी! त्यानं माझ्यासमोरच कोतवाल होऊन दाखवलं, लगेच बुलबुल झाला.

"तुमना कान चांगला शेतस, भाऊ. डोया घरच ठी उनात (ठेवून आलात) का?"

अक्कांनी हसत हसत कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि ठेचा दिला. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं. सगळं ठेच्याचंच होतं, असं म्हणवत नाही.

परतताना एस.टी.त ठरवलं, नऊच वाचायचे. कुणाला कळणार आहे?

रविवारी वाचले. सगळे थक्क झाले. तिथवर ठीक होतं. पण बैठकीतले ज्येष्ठ नाना उठून म्हणाले, "भले! पुढच्या रविवारी सगळे तुझ्या त्या झाडाखाली."

झाडाखाली अक्का असणार. मी घाम पुसला आणि सगळं सांगून टाकलं. नाना इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"मग तर जायलाच हवं," ते डोळे पुसत म्हणाले. "अक्कांना भेटायला."

माझं म्हणणं एवढंच आहे, की नऊच्या नऊ आवाज मी अचूक ओळखले होते. गाणारा तेवढा चुकला.